चाकाखालची रांगोळी

गावात रांगोळीच्या गोण्या उतरू लागल्या की मी ओळखते, आता माझे दिवस आले. भात कापून झालेलं असतं. झोडणीचा भुसा उडून नाकात जातो आणि ज्याला त्याला शिंका येत असतात. पावसात बुडालेली मिठागरं पुन्हा डोकं वर काढतात, आणि दुपारी वारा फिरला की खाडीचा खारट, चिखलट वास थेट आमच्या ओटीपर्यंत येतो. ऊन इतकं कडक की पापड अर्ध्या दिवसात वाळावेत. कुणाला वसंत आवडतो, कुणाला श्रावण. माझा ऋतू हाच, घामाचा आणि शिंकांचा.

याचं कारण साधं आहे. मला लहानपणी ताप आला आणि तो जाताना पाय घेऊन गेला. तेव्हापासून माझं जग जमिनीपासून हात-दीड हातावर आहे. हातात रबरी चपला घालून मी घरभर फिरायचे. माणसं मला पायांवरून ओळखू यायची. कोणाच्या टाचा फुटल्यात, कोण नव्या चपलेत लंगडतोय, कोण रागात चाललंय, हे मला त्यांच्या तोंडाआधी कळायचं. बोलायचं तर मान वर करून बोलायचं, आणि समोरच्यानं मान खाली करायची. वर्षानुवर्षं मान वर करून माझी मान दुखते, पण खाली करणाऱ्यांची कधी दुखली असं ऐकिवात नाही.

आमच्या जूचंद्र गावात दिवाळी म्हणजे रांगोळी. इतर गावांत बायका दारापुरती काढतात, आमच्याकडे पुरुषही मांडी ठोकून बसतात. रंगारी, रिक्षावाले, कंपनीतून थकून आलेले, सगळे. कोणी देवाचं चित्र काढतं, कोणी आपल्या गेलेल्या बापाचं. बघायला लांबून माणसं येतात. आणि रांगोळी कोणाचीही असो, ती काढायला खाली बसावंच लागतं. त्या चार दिवसांत सगळं गाव माझ्या उंचीवर येतं. मी डोळ्यांत डोळे घालून गप्पा मारते. सहा फुटी माणूससुद्धा गुडघ्यांवर येऊन म्हणतो, "वने, जरा निला रंग दे गं तिकरचा." तेव्हा मला जो आनंद होतो तो फराळाच्या ताटातही नाही.

ही उंची मला एरवी कधी मिळायची नाही. मतदानाच्या दिवशी तर मुळीच नाही. आमच्या घरी मतदान हा सणच असायचा. सकाळी लवकर अंघोळी, आई कपाटातलं लुगडं काढायची, बाबा मिशीला तेल लावायचे. सगळी जणं एकदम निघायची आणि मग घर असं काही शांत व्हायचं की सुकत घातलेल्या बोंबलांवर घोंघावणारी माशीही मोठ्यानं ऐकू यायची. राखणीला मी आणि मांजर. मांजराचा बोंबलांवर डोळा आणि माझा मांजरावर.

अठरा वर्षं पूर्ण झाली त्या वर्षी मी दादाला म्हटलं, मी पण येणार. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, मनानं लोणी. तो म्हणाला, "आमी चौघं मिळून उचलून नेऊ तुला, त्यात काय?" आई मधेच म्हणाली, "तिला कशाला तरास? गर्दीत कोनाचा धक्का लागला म्हंजे?" आणि माझं नाव नोंदवायचं राहून गेलं. कोणी मुद्दाम केलं नाही. मायेपोटी राहिलं. दादा परत आला तो शाईचं बोट मिरवत. माझं तोंड उतरलेलं बघून त्यानं खिशातलं बॉलपेन काढलं आणि माझ्या बोटावर तशीच रेघ ओढली. मी हसले. संध्याकाळी भांडी घासता घासता ती रेघ राखेबरोबर गेली.

आता इथे माझा एक हट्ट सांगितला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. मला उचललेलं आवडत नाही. दवाखान्यात उचला, पूर आला तर उचला, मेल्यावर तर उचलणारच आहात. पण धडधाकट मनाच्या बाईला चारचौघांत उचलायचं, तिच्या साडीचा काष्टा कुठे, पदर कुठे, आणि उचलणाऱ्यांच्या तोंडावर पुण्य कमावल्याचं समाधान, हे मला सोसत नाही. पुढे एका शिबिरात मला चाकांची खुर्ची मिळाली तेव्हा मी घरात कायदाच केला. ढकललेलं चालेल, उचललेलं नाही. त्या कायद्यानं मला बाजार दिला, देवीच्या जत्रेचं मैदान दिलं, शिवणकामाची गिऱ्हाइकं दिली. शाळेच्या तीन पायऱ्या मात्र काही दिल्या नाहीत. आणि आमचं मतदान शाळेत.

म्हणून मला ती एक दिवाळी राहून राहून आठवते. फार जुनी नव्हे, या आताच्या दोन-चार वर्षांतलीच.

वसुबारसेची सकाळ होती. मी ओटीवर ठिपके मांडत होते आणि दादा बाकड्यावर चहा पीत बसला होता. गळ्यात ओळखपत्र, खांद्याला पिशवी अशा एक बाई आल्या. कदम मॅडम. मूळच्या साताऱ्याकडच्या, इथल्या शाळेत शिक्षिका, राहायला नायगावच्या नव्या इमारतीत. मतदार यादीच्या कामावर त्यांची नेमणूक झाली होती आणि सुट्टीच्या दिवसांत त्या घरोघर फिरत होत्या. त्यांनी दादाला विचारलं, "घरात अठरा वर्षांवरचं कोणकोण?" दादानं नावं सांगितली. आईचं, स्वतःचं, वहिनीचं. बाबा तोवर गेले होते. मॅडमनी लिहून घेतलं आणि माझ्याकडे पेन रोखून म्हणाल्या, "आणि या?"

"ती? ती वनिता, भैन माझी. ती कुटं जात नाय," दादा म्हणाला.

"जातात कुठं ते नाही विचारलं. नाव विचारलंय," मॅडम म्हणाल्या, आणि पिशवी बाजूला ठेवून सरळ माझ्या शेजारी जमिनीवर बसल्या. पुढचं सगळं त्यांनी मला विचारलं. माझ्या डोक्यावरून दादाला नाही, मला. नाव काय, जन्म कधीचा, शिक्षण किती. यादीत नाव आहे का? मी म्हटलं, नाही. "का नाही?"

एवढा छोटा प्रश्न, पण तो मला कोणी विचारला नव्हता. मी काय सांगणार? पायऱ्या आहेत म्हणून? माया आहे म्हणून? मी चिमटीतली रांगोळी पुढच्या ठिपक्यावर सोडली. मॅडमनी पिशवीतून कागद काढला आणि म्हणाल्या, "बरं, राहू दे. अर्ज इथंच भरू शकतो, मी आणलाय. नाहीतर दिवाळी झाली की शाळेत शिबिर ठेवलंय. पायऱ्यांच्या बाजूला उतार करून घेतलाय यंदा. तुम्ही सांगा, तुम्हाला कसं सोयीचं?"

तुम्ही सांगा. त्या दोन शब्दांवर मी आजही फिदा आहे. दादा म्हणाला, "मॅडम, इथंच भरा ना, तिला कशाला..." आणि मी म्हटलं, "मी शाळेत येणार." वहिनी आतून पोळपाट घेऊनच बाहेर आली. तिला वाटलं मी भांडतेय.

दिवाळीभर माझ्या डोक्यात तो उतार होता. आमच्या घरासमोर नरूभाऊ राहतो. धंद्यानं रंगारी, पण रांगोळीत त्याचा हात धरणारा माणूस मी तरी पाहिला नाही. चेहरा काढतो तर डोळ्यांत ओल दिसते. ऐन रांगोळी प्रदर्शनाच्या गडबडीत मी त्याला सांगितलं, "नरूभाऊ, माझं नाव लागणार यादीत. माझ्या चाकांनी जाणार." तो गुडघ्यांवर बसून कोणाच्या तरी आजीच्या गालावर सुरकुत्या पाडत होता. त्यानं मान वर केली नाही, पण बोलला, "तुझं नाव नाय अजून? आयला! मना वाटलं असंल." गावात सगळ्यांना असंच वाटत होतं. जी गोष्ट असणारच असं सगळ्यांना वाटतं, ती नसते तेव्हा कोणालाच दिसत नाही.

शिबिराच्या दिवशी मी दिवाळीची साडी पुन्हा नेसले. वहिनी ढकलायला. देवळाकडून शाळेकडे वळलो तर दारात ही गर्दी. बायका पदर सावरून उभ्या, माणसं मोबाइल काढून फोटो घेतायत. कौतुकाचा आवाज चाललेला. मी म्हटलं, कोणी पुढारी आला की काय. गर्दी बाजूला झाली आणि मला दिसलं.

नवा सिमेंटचा उतार पायथ्यापासून उंबऱ्यापर्यंत रांगोळीनं भरला होता. इंच जागा सोडली नव्हती. मधोमध शाई लावलेलं एक बोट, नखाचा चंद्रसुद्धा काढलेला. भोवती झेंडूच्या माळा, पाकळी न पाकळी वेगळी. आणि खाली सुंदर वळणदार अक्षरांत, "या, नाव नोंदवा." नरूभाऊचं काम. त्यानं आदल्या दिवशीपासून खपून माझ्या स्वागताला काढलं होतं. माझ्या! ज्या एकाच जागेवरून मी जाऊ शकत होते, नेमकी तीच जागा त्यानं सजवून बंद केली होती.

अशी चूक फक्त आमच्याच गावात होऊ शकते. दुसऱ्या कुठल्या गावाला कोरा उतार बघून हात शिवशिवले असते? आणि दुसऱ्या कुठल्या गावातली माणसं त्यावर पाय द्यायला इतकी कचरली असती? आमच्याकडे रांगोळीला चुकून अंगठा लागला तरी वाकून नमस्कार करतात. इथे तर चाकं न्यायची होती.

"त्यात काय, उचलून घेऊ या पायऱ्यांवरून," कोणीतरी म्हणालं. लगेच चार जण बाह्या सारून पुढे. सगळे ओळखीचे, सगळे चांगले. मी दोन्ही चाकं घट्ट धरली. आतून मॅडमनी पाहिलं आणि त्या कागद घेऊन बाहेर यायला निघाल्या. "वनिताताई, मी येते तिकडं, तुम्ही थांबा." त्याही चांगल्या. सगळेच चांगले होते, हीच तर पंचाईत. वाईट माणसाशी भांडता येतं. चांगुलपणाशी कसं भांडायचं? मी म्हटलं, "कोणी हात लावू नका. मॅडम, तुम्ही आतच बसा." आवाज जरा मोठाच निघाला. बाह्या सारलेले चौघे मागे सरले. मी जागची हलू शकत नव्हते. उचललं तर माझा कायदा मोडत होता, चाकं घातली तर नरूभाऊचं चित्र. मीही चिमटीनं रांगोळी सोडते, एका पाकळीला किती वेळ लागतो ते मला ठाऊक आहे. वहिनी हळूच म्हणाली, "वने, परत जाऊ या का? फिरून येऊ कवातरी." आणि मला दिसलं की परत गेले तर तो कवातरी अठराव्या वर्षी आला तसाच येणार, म्हणजे येणारच नाही.

एवढ्यात गर्दीतून नरूभाऊ आला. हाताला अजून झेंडूचा रंग. त्यानं माझ्याकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, उताराकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. कपाळ पिवळं झालं. "आयला! वाटच बुजवली मी," तो म्हणाला.

"इतकं देखणं काढलंस, मी कशी जाऊ रे यावरून?" मी म्हटलं.

त्यानं चपला काढल्या. वाकून रांगोळीला हात लावला, तो कपाळाला नेला आणि सरळ त्या बोटावर पाय दिला. स्वतः काढलेल्या बोटावर. बायकांच्या तोंडून हाय निघाली. तो दोन पावलं वर गेला, वळला आणि म्हणाला, "ये माझ्या मागनं. रांगोली उद्या परत काढू. तुझं नाव आज लागाया पायजे."

मी चाकं फिरवली. उतार चांगलाच उभा होता, गवंड्यानं होडी ओढायला केल्यासारखा. वहिनीनं मागून जोर लावला. ढकललेलं माझ्या कायद्यात बसतं. चाकाखाली रांगोळी करकरली. तो आवाज माझ्या कानांत अजून आहे, बारीक साखर दाताखाली यावी तसा. मी रडत होते आणि हसतही होते, आणि मला कशाचीच लाज वाटत नव्हती. उंबऱ्यातून आत गेले. पाहते तर वर्गाच्या फरशीवर माझ्यामागे दोन रेघा उमटत चालल्या होत्या, झेंडूच्या पिवळ्या आणि शाईच्या निळ्या, दारापासून थेट मॅडमच्या टेबलापर्यंत. जन्मात माझ्या पावलांचे ठसे कुठे उमटले नव्हते. लक्ष्मीची पावलं मी दरवर्षी इतरांच्या दारात काढून द्यायचे.

"नाव?" मॅडमनी विचारलं. त्यांना ते ठाऊक होतं, तरी विचारलं. मी पूर्ण सांगितलं, वडिलांच्या नावासकट, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं. अपंगत्वाची नोंद करताना त्या म्हणाल्या, "ही नोंद असली की मतदानाच्या दिवशी तुमची व्यवस्था आधीपासून ठेवता येते. कोणाला विनवायला नको." मी सही केली. सह्या करायची सवय नाही म्हणून ती वेडीवाकडी आली आहे. ती तशीच आहे आणि तशीच राहू दे.

पुढे निवडणूक लागली. मॅडम पुन्हा आल्या, घरबसल्या मत द्यायचीही सोय आहे म्हणून सांगायला. आमच्या आळीतल्या जनाआजी वर्षानुवर्षं खाटेवर आहेत, त्यांनी ती घेतली. त्यांच्या खाटेपाशी अधिकारी आले, आडोसा केला, आणि आजींनी नातसुनेलाही बाहेर काढलं. "माझा मत हाय, तू कशाला बघतंस?" असं त्या म्हणाल्याचं आळीभर झालं. आजींचं बोट बघायला मी गेले होते. त्यांनी ते चादरीवर असं ठेवलं होतं की येणाऱ्याला आधी तेच दिसावं. कोणाला घरून मत द्यावंसं वाटेल, कोणाला शाळेत जावंसं वाटेल. विचारलं म्हणजे झालं. मी मात्र शाळेतच जाणार होते.

मतदानाच्या आदल्या दिवशी नरूभाऊ चहाला आला. बोलता बोलता खिशातून दोरी काढून, रांगोळीचं वर्तुळ आखायची ती, माझ्या खुर्चीच्या एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत लावून बघत होता. मला वाटलं, हाताला चाळा. त्याच्या हाताला सतत काहीतरी लागतंच.

सकाळी मी, दादा आणि वहिनी निघालो. आई आता फार चालत नाही, ती काठी टेकत शेजारणीबरोबर पुढे गेली होती. शाळेपाशी आलो. उतार या खेपेला निगुतीनं पुन्हा केलेला, सौम्य, कडेला लोखंडी दांडा. दोन्ही काठांनी नरूभाऊनं झेंडूची वेल सोडली होती, नखाएवढी पानं. आणि मध्ये खालपासून वरपर्यंत स्वच्छ, कोरा पट्टा. माझ्या खुर्चीच्या रुंदीचा, दोन्हीकडे बोटभर जास्त. मग माझी नजर पायऱ्यांकडे गेली. तिन्ही पायऱ्यांवर त्यानं भरगच्च रांगोळी घातली होती. मोर, कमळं, कलश. पाय ठेवायला तिळाएवढी जागा नाही.

"नरूभाऊ, हे काय रे?" मी विचारलं. तो फाटकाबाहेर रंगाचे डबे आवरत होता.

"पायऱ्या ओक्याबोक्या बऱ्या दिसत नव्हत्या," तो म्हणाला, आणि डब्यात तोंड घालून बसला.

मी खाली थांबून बघत राहिले. काठी टेकत आई उतारावरून गेली, दांडा धरून, कोणाचा हात न घेता. कडेवर पोर घेतलेली एक नवी सून गेली. गुडघे दुखणारे मास्तर गेले. नव्या इमारतींतली, कळंबहून इकडे राहायला आलेली, कामणला गोदामात नोकरीला असलेली, सगळी त्या कोऱ्या पट्ट्यावरून एकामागे एक चालली होती. पायऱ्यांकडे बघायची, "वा!" म्हणायची आणि वळून माझ्या वाटेनं यायची. ज्यांच्या पायांना काही झालेलं नव्हतं तीही. माझे डोळे भरून आले. नरूभाऊचं देणं मी कशानं फेडू, मॅडमचं कशानं, मला कळेना. फेडायचं तरी कशाला? काही ऋणांत राहण्यात सुख असतं.

माझ्या बोटावर आज शाईची रेघ होणार होती, भांडी घासून न जाणारी, नखाबरोबर हळूहळू वाढत जाणारी. पण माझं लक्ष उतारावरच लागलं होतं. मागे दादा उभा होता. एकदा पायऱ्यांवरचा मोर बघत, एकदा घड्याळ बघत. शेवटी तो वाकला. मला वाटलं, सवयीनं उचलायला येतोय. पण तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "वने, चल ना पुढं. मना पन इथनंच जायाचा हाय."